आमच्यामागे देवांचं कोण करणार?

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न पितृपक्षाच्या सुमारास हमखास येतो. विचारणारे सत्तरीचे; मुलगा घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये, नाहीतर परदेशात. त्यांपैकी एका काकांची ही हकिकत, ओळखीच्या खुणा बदलून.

काकांना समुपदेशन नकोच होतं. मी त्यांच्या मुलाला चार शब्द सुनवावेत, एवढंच हवं होतं. "तीन पिढ्यांचे टाक आहेत, शाळिग्राम आहे. हा म्हणतो, बाबा, एवढा देव्हारा ठेवू कुठे? मॅडम, हे चालू राहिलंच पाहिजे."

मी विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ती १९५५ च्या सुमारास मांडली. माणूस 'व्हावं' म्हणतो की 'झालंच पाहिजे' म्हणतो, याकडे तिचं बारीक लक्ष असतं. काकांचा तो 'च' मला लगेच ऐकू आला, पण त्यावर तिथेच बोट ठेवलं असतं तर ते पुन्हा आले नसते. एवढं आता कळतं. मी तिसऱ्या भेटीत विचारलं,

"तुम्ही पूजा कधीपासून करता?"

"आमच्याकडे पहिल्यापासून आहे."

"घरात आहे. तुम्ही स्वतः?"

काका चष्मा पुसत बसले. "वडील गेल्यावर. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. तोवर वागळे इस्टेटमध्ये शिफ्टची नोकरी, आणि खरं सांगायचं तर सोवळ्या-ओवळ्याचा वैताग. वाद घालायचो मी त्यांच्याशी."

"ते काय म्हणायचे?"

"काही नाही. रविवारी हाक मारायचे, गंध उगाळून दे रे. तेवढंच." मग बऱ्याच वेळाने, "त्यांनाही हीच काळजी असणार हो. बोलून दाखवली नाही कधी."

मला जे समजावून सांगायला आणखी चार बैठका लागल्या असत्या, ते काकांनी स्वतःच्याच तोंडून ऐकलं. वडिलांकडून पूजा आली हे त्यांना पाठ होतं. सोबत मोकळीकही आली होती, ती विसरली होती.

मग आम्ही कामाला लागलो. तुमच्या घरीही हाच घोर असेल, तर मी काकांना सांगितलं तेच सांगेन. एका वहीत लिहा, कोणता टाक कुठल्या दैवताचा, कोणी आणला, कोणत्या प्रसंगी. हरिपाठ म्हणता ना, मग मोबाइलवर रेकॉर्ड करा, खोकल्यासकट. मुलाला वेळ आहे का ते विचारून, दोनच देव न्यायचे तर कोणते नेशील, असं त्याच्याशी बोला. तो दोन म्हणाला तर दोन. आणि नातवंडांना उपदेश करू नका, हाताला काम द्या.

काकांची नात शनिवारी येते. तिने विचारलं, हा दगड काळा का? काकांनी सांगितलं की तो नेपाळातल्या गंडकी नदीचा, आणि शाळिग्रामात चक्र दिसतं तो कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या जिवाचा ठसा असतो. "हिमालयात समुद्र?" तिने शाळिग्राम तासभर हातातून सोडला नाही. सोवळ्यात नव्हती, हे काकांनी मला दोनदा सांगितलं.

शेवटच्या भेटीत त्यांची तक्रार निराळीच होती. "गंध उगाळताना पाणी फार घालते. अगदी पातळ होतं. सांगू का तिला?" मी काही बोलायच्या आत म्हणाले, "राहू दे, घालू दे." आणि वेळेआधीच उठले. प्रदोष होता, कोपीनेश्वराला जायचं होतं.