पिल्लं कोंबडीला ‘लावायची’ की ‘सोडायची’?

कळंब्याकडच्या एका ताईंनी विचारलंय : परड्यातली गावठी कोंबडी खाली अंडं नसतानाही जागा सोडत नाही. तिला बाजारातून आणलेली पिल्लं द्यायची आहेत, आणि ते कसं करायचं हे बचत गटातल्या बायकांसाठी लिहून काढायचं आहे. अशी कोंबडी खुडूक ‘होते’ की ‘बसते’? आणि दुसरीकडची पिल्लं तिला देण्याला काय म्हणायचं : ‘पिल्लं सोडणे’, ‘दत्तक देणे’ की आणखी काही?

‘होते’ आणि ‘बसते’ दोन्ही चालतं, पण अर्थ अगदी एकच नाही. कोंबडी आधी खुडूक होते. तिच्या अंगात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, अंडी देणं थांबतं, आवाज बदलतो. हात जवळ नेला की ती पिसं फुलवते, घशातल्या घशात गुरगुरते आणि टोच मारते. पोटाखालची पिसं जाऊन तिथली कातडी उघडी पडते, म्हणजे अंगाची ऊब थेट अंड्याला लागावी. मग ती खुडूक बसते. दिवसातून एखाद्या वेळी उठते, घाईघाईनं दाणा-पाणी उरकते, एकदाच मोठी शीट टाकते आणि पुन्हा जागेवर. ‘होणे’ हा तिच्यातला बदल, ‘बसणे’ हे तिचं वागणं. आणि तिसरं रूप ‘बसवणे’, ते माणसाचं काम. गावाकडं ‘अंडी उबवायला ठेवली’ असं क्वचितच ऐकू येतं, ‘कोंबडी बसवली’ असंच म्हणतात. २१ दिवस अंडी तिच्याखाली असतात, पण वाक्यात कर्म अंडी नसून कोंबडी असते. ‘कोंबडीखाली अंडी घातली’ असं लिहिणं मात्र टाळा. ‘कोंबडीनं अंडी घातली’ याच्याशी गल्लत होते.

आता मुख्य प्रश्न. माझं स्पष्ट मत असं की इथं शब्द ‘लावणे’ हाच. पिल्लं कोंबडीला लावायची. गाईला वासरू लावतो, मुलाला लळा लावतो, तेच हे लावणं. यात नुसतं जवळ ठेवणं नाही, जीव जडवणं आहे. आणि या क्रियापदाची खरी करामत पुढच्या पायरीला दिसते. पिल्लं लावतो माणूस, पण ‘लावून घेते’ ती कोंबडी. कर्ता बदलतो. आमच्या राधानगरीकडच्या आत्या सकाळी खुराड्यात डोकावून एवढंच विचारायच्या, “घेतली न्हवं?” आणि नसतील घेतली तर, “घेईना बघ ती.” आपण लावली आणि तिनं घेतलीच नाहीत, असं होऊ शकतं. हे एवढं सगळं त्या एका ‘घेणे’त मावतं.

‘सोडणे’ला माझा विरोध केवळ भाषेचा नाही. ‘पिल्लं खुराड्यात सोडा’ असं वाचून कुणी भर दुपारी टोपलीतली पिल्लं खरंच सोडली, तर कोंबडी त्यांना परकी समजून टोचून मारू शकते आणि बाकीच्या कोंबड्याही सोडत नाहीत. लावायची पिल्लं सोडायची नसतात, अंगाखाली सरकवायची असतात, आणि तेही अंधार पडल्यावर. कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही, ती शांत असते. तळहात उपडा करून तिच्या पोटाखाली न्यायचा, आधीपासून बसायला दिलेलं एक खोटं अंडं काढायचं आणि त्याच उबेत एक पिल्लू ठेवायचं. मग दुसरं. सुरुवातीला ती थोडी गुरगुरेल. पण खालून बारीक चिवचिव सुरू झाली की तिचा आवाज उतरतो, मऊ आणि तुटक होतो, ‘कुक्… कुक्…’. हा आवाज कान देऊन ऐकण्यासारखा आहे. तिची स्वतःची अंडी असती तरी फुटण्याच्या आदल्या दिवशी आतून पिल्लू असंच चिवचिवलं असतं आणि तिनं असंच उत्तर दिलं असतं. म्हणून अंगाखालची चिवचिव तिला आपलीच वाटते.

वेळही यावरूनच ठरते. आज खुडूक झालेल्या कोंबडीला उद्या पिल्लं लावू नयेत. निदान दोन आठवडे प्लास्टिकच्या किंवा लाकडाच्या अंड्यांवर तिला नीट बसू द्यावं. पिल्लंही एक-दोन दिवसांचीच हवीत. अंड्यातला बलक पोटात ओढून घेतलेला असल्यानं तेवढे दिवस त्यांचं निभतं, आणि आई कोण हे त्यांनाही याच दिवसांत कळतं. आठवड्याभराच्या पिल्लाला कोंबडीच भीतिदायक वाटते, ते पंखाखाली जात नाही. म्हणजे लावून घेणं दोन्हीकडून लागतं. पहाटे उजाडायच्या आत मात्र खुराड्यापाशी हजर राहा. चोच पिल्लाच्या डोक्याकडं वळली तर सगळी पिल्लं लगेच काढून घ्या आणि बल्बच्या उबेत वाढवा. कोंबडी अंडी देणारी, मोठी असली तरी आता पिल्लांसोबत तिलाही पिल्लांचंच खाद्य द्या. अंड्याच्या कोंबडीच्या खाद्यात चुना फार असतो, तो पिल्लांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही.

हा प्रश्न आता जास्त ऐकू येतो त्यालाही कारण आहे. बंगळुरूची गिरिराज, हैदराबादची वनराज अशा सुधारित जातींच्या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. अंडी जास्त मिळावीत म्हणून निवडीतूनच ती गोष्ट मागं पडली. त्यामुळं पिल्लं एका जातीची आणि आई परड्यातली गावठी, अशी जोडी लावावी लागते. ज्यांना अंडीच हवीत ते उलट ‘खुडूक मोडतात’. हाही आपल्याकडचा रुळलेला शब्दप्रयोग. त्यासाठी कोंबडीला पाण्यात बुचकळतात, ते मला पटत नाही. खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात तिला दोन-चार दिवस ठेवलं की काम होतं.

‘दत्तक’बद्दल. कोल्हापुरात या शब्दाला मोठं वजन आहे. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १८८४ साली दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले. दत्तक हा सगळ्यांच्या साक्षीनं, जाणूनबुजून केलेला व्यवहार असतो. कोंबडीच्या बाबतीत तर तिला कळू न देणं हाच सगळा गाभा. अंधारात, गुपचूप, अंडं काढून पिल्लू. वर्तमानपत्री मथळ्याला ‘दत्तक’ ठीक दिसेल, कृती सांगताना तो दिशाभूल करतो.

तुमच्या लेखनात लागेल असा आणखी एक शब्द ‘डालणे’. पिल्लं लावून घेतल्यावर पहिले काही दिवस कोंबडी पिल्लांसकट बांबूच्या डालग्याखाली ठेवतात, घार आणि मांजर यांच्यापासून जपायला. ‘कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही’ या म्हणीतलं झाकणंही या डालग्याचंच. त्याला ‘बास्केटखाली ठेवणे’ लिहायची काहीच गरज नाही.

आणि जे लावलं ते पुढं तुटतंही. दीड-दोन महिन्यांनी कोंबडी पिल्लांना टोचून लांब करू लागते, पुन्हा अंडी देऊ लागते. तेव्हा ‘कोंबडीनं पिल्लं तोडली’ म्हणायचं. बाळाचं अंगावरचं तोडतात, तेच तोडणं. बायकांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर कोंबडी बिघडली असं समजून घाबरतील.

राहिला ऱ्हस्व-दीर्घाचा मुद्दा. ‘खुडूक’मधला ‘डू’ दीर्घ. विशेषण म्हणून तो बदलत नाही : खुडूक कोंबडीला, खुडूक कोंबड्यांना. नाम म्हणून वापरला, जसा ‘खुडूक मोडली’ मध्ये आहे, तर विभक्ती लागताना ‘चूक-चुकीला’प्रमाणं ऱ्हस्व होतो : खुडुकीत, खुडुकीला.