ऑक्टोबरमध्ये ग्रुपने पुणे–गोवा सागरी मार्गाने सायकलवर जाणार आहोत. पाऊस लागला तर रेनकोट कोणता घ्यावा? आणि एखाद्या दिवशी बॅकअप गाडीत बसलं तर टूर पूर्ण केली असं धरतात का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यावरून माझं एका माणसाशी अजून भांडण चालू आहे. धरतात की नाही, ते लीडरवर असतं. धरायला हवं का? हो, नक्की धरायला हवं. पावसाच्या दिवशी 'आता बास' असं वेळेवर म्हणणारा माणूस ग्रुपमधला सगळ्यात शहाणा असतो. त्याला 'टेम्पोवाला' म्हणून हिणवणाऱ्यांनी चार माणसं घेऊन बाहेर पडूच नये.

रेनकोटचं लगेच उरकते. ऑक्टोबरच्या कोकणासाठी महागडा रेनकोट घेऊ नका. हवा दमट, एक चढ संपला की दुसरा तयार. बाहेरून पावसाने नाही भिजलात तर आतून घामाने भिजाल. घाम बाहेर सोडणारी म्हणून विकतात ती जॅकेटं थंड, कोरड्या हवेत काम करतात, रत्नागिरीच्या हवेत नाहीत. पोंचो अजिबात नको. खाडीवरच्या वाऱ्यात तो फुगतो, सायकल बाजूला ओढतो आणि त्याची कड चाकात जाते. एक पातळ विंडचीटर पुरे, तोही उतारावर आणि थांबल्यावर घालायला. चष्मा असेल तर हेल्मेटखाली झापड असलेली टोपी घाला, तिचा उपयोग रेनकोटपेक्षा जास्त. कोरडे कपडे दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, एकीत दुसरी घालून. आणि मडगार्ड, मागचं तर हवंच. मडगार्ड आपल्यापेक्षा आपल्या मागच्यासाठी असतं. ते नसलेल्या सायकलमागे दोन तास चालवून बघा, दातांत तांबडी माती येते.

आता माझी गोष्ट. तुमच्याच रस्त्यावरची आहे आणि महिनाही तोच.

त्या दिवशी गुहागरहून निघून हेदवी, तवसाळ, तिथून जंगलजेटीने (सायकली-गाड्या खाडीपलीकडे नेणाऱ्या बोटीने) जयगड आणि मुक्कामाला गणपतीपुळे असा बेत होता. सकाळी लख्ख ऊन होतं. हेदवीच्या दशभुज गणपतीचं दर्शन झालं आणि लीडरने सांगितलं, "आता आपापल्या वेगाने चला, भेटू थेट जेटीवर." बॅकअप गाडी पुढच्या पोरांबरोबर गेली. दुपारच्या जेवणाचे डबे तिच्यात, पंप तिच्यात, जादा ट्यूबही तिच्यातच. शेवटी कोण राहणार हे कोणी ठरवलंच नव्हतं. मी शेवटी राहिले, कारण पंक्चर काढायला मला सवड असते आणि मागे पडलेल्याला एकटं सोडणं मला जमत नाही.

परतीच्या पावसाची एक गोष्ट आपल्या शहरी सायकलवाल्यांच्या लक्षात येत नाही. सगळे समुद्राकडे बघत असतात आणि ढग येतात पाठीमागून, सह्याद्रीकडून. सकाळ स्वच्छ जाते, दुपारी एक-दोनच्या सुमारास पूर्वेला काळं दाटून येतं, आणि मग जून-जुलैसारखी संततधार नाही, विजा. आम्ही तेव्हा सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या पठारावर होतो. दोन्ही बाजूंना जांभ्याचा उघडा कातळ, वाळायला लागलेलं गवत आणि नजर जाईल तिथपर्यंत धड एक झाड नाही. अशा जागी सायकलवर बसलेला माणूस हीच सगळ्यात उंच वस्तू असते. रबरी टायरमुळे वीज लागत नाही असं अजूनही काही जण छातीठोकपणे सांगतात. साफ खोटं आहे ते. आभाळातून एवढं अंतर कापून आलेल्या विजेला बोटभर रबर काय अडवणार?

माझ्याबरोबर इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा होता, त्याची पहिलीच टूर. सायकल चुलतभावाकडून आणलेली, जुनी हायब्रिड, रिमला घासणाऱ्या ब्रेकची. पाऊस सुरू झाल्यावर पहिल्याच उताराला त्याच्या ब्रेकमधून करकर ऐकू यायला लागलं. मी त्याला थांबवून चाक बघितलं. पॅडचं रबर मागच्या बाजूला जवळजवळ संपलं होतं आणि आतली पत्र्याची पट्टी रिमला टेकत होती. रिमवरून बोट फिरवलं तर बोटाला काळसर तांबडं पाणी लागलं, आणि त्यात ॲल्युमिनियमचा बारीक चकचकीत चुरा. कोरड्या रस्त्यावर महिनोन् महिने चालणारं रबर ओल्यात असं एका दिवसात जातं. जांभ्याची माती आणि पाणी एकत्र आलं की रिमवर पॉलिश पेपर लावल्यासारखं होतं. शिवाय ओल्या रिमवर ब्रेक दाबला की आधी पाणी पुसलं जातं, पकड त्यानंतर येते. तोवर सायकल बरीच पुढे गेलेली असते. आणि आमच्या पुढे जेटीपर्यंतचा उतार होता.

मी त्याला म्हटलं, "इथून पुढे चालवायची नाही." तो म्हणाला, "काकू, सगळे पुढे गेलेत, मला टेम्पोत बसणारा म्हणतील." घाबरला होता, पण पावसाला नाही. लीडरच्या बोलण्याला घाबरला होता. माझा राग तिथून सुरू होतो.

मग वीज चमकली आणि मोजायला सुरुवात करायच्या आत आवाज आला. सायकली हातात धरून आम्ही जवळच्या वाडीत शिरलो. पहिल्याच घरातल्या आजी पडवीत उभ्या होत्या. आम्ही चिखलाचे पाय बघून बाहेरच घुटमळत होतो, तर म्हणाल्या, "आत या आधी, पाय नंतर धुवा." त्यांनी पंचा दिला, चुलत्याचा की कुणाचा जुना सदरा दिला. त्या मुलाला हेल्मेटचं बक्कल उघडेना. बोटांची टोकं पांढरी पडली होती, हात थरथरत होते. पावसात दीड-दोन तास, सड्यावरचा वारा आणि पोटात सकाळच्या पोह्यांनंतर काही नाही, कारण डबे गाडीत आणि गाडी जेटीवर. आजींनी गरम पेज आणि आंब्याचं लोणचं पुढे ठेवलं. दोन वाट्या पेज पोटात गेल्यावर पोरगा नीट बोलायला लागला.

फोनला रेंज येत-जात होती. लीडरला दोनदा लागला. पहिल्यांदा तो म्हणाला, "थोडा जोर लावा, जेटी जवळच आहे." दुसऱ्यांदा म्हणाला, गाडी मागे पाठवली तर पुढच्यांची फेरी चुकेल. विजा थांबल्या, त्यानंतरही आम्ही अर्धा तास बसलो. आजींचा पुतण्या पिकअप घेऊन तवसाळलाच निघाला होता. त्याने सायकली मागे टाकल्या आणि आम्हाला जेटीवर सोडलं. पैसे घेतले नाहीत. जेटीवर पोचलो तर पुढच्यांपैकी दोघे उतारावर घसरले होते. एकाचं कोपर सोलवटलं होतं, दुसऱ्याचं हँडल वाकडं. आणि लीडर सगळ्यांसमोर मला म्हणाला, "एवढ्याशा पावसाला गाडीत बसलात?"

ते मी गिळलं. गोव्यात शेवटच्या रात्री जे झालं ते मात्र नाही गिळता आलं. मेडलं वाटली. आमच्या दोघांची नावं शेवटी, 'सहभागी' म्हणून, मेडलाशिवाय. तो मुलगा हातात जेवणाची प्लेट धरून तसाच उभा राहिला. मी विचारलं, तर उत्तर आलं, "पूर्ण म्हणजे पूर्ण. तेवढे किलोमीटर तुम्ही चालवलेले नाहीत."

बरोबर आहे, नाही चालवले. पण मग बागमांडल्याहून वेशवी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड, तेरेखोलहून केरी, या खाड्या सगळ्यांनीच बोटीत बसून ओलांडल्या. ते अंतर कोणी चालवलं? तिथे बोट चालते, कारण पाण्यावरून सायकल जात नाही. मग विजा कडाडत असताना, ब्रेक संपलेला असताना सड्यावरून सायकल जात नाही, हे का समजू नये? हा प्रश्न मी त्या ग्रुपवर दर वर्षी टूरची घोषणा झाली की विचारते. अजून उत्तर आलेलं नाही.

हा सगळा गोंधळ ब्रेव्हेमुळे, म्हणजे ठरलेलं लांब अंतर ठरलेल्या वेळेत स्वतःच्या बळावर कापायच्या राईडमुळे झालाय असं माझं मत आहे. ब्रेव्हेमध्ये नियम लिहिलेले असतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ६०० चाळीस तासांत, आणि गाडीत बसलात की तुमची राईड संपली. मला ते मान्य आहे, मीही ब्रेव्हे केल्या आहेत. तिथे प्रत्येक जण स्वतःच्या जबाबदारीवर उतरतो आणि स्वतःचा हिशोब स्वतः करतो. फ्रान्समधली मोठी ब्रेव्हे, २००७ ची पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस, पावसाने गाजली. १२०० किलोमीटरची राईड, नव्वद तासांची मुदत, आणि मुरलेले शेकडो सायकलवाले अर्ध्यातून परतले. नियमाने त्यांची राईड पूर्ण झाली नाही, एवढंच. ग्रुप टूर ही वेगळी चीज आहे. तिथे लोक पैसे भरतात, सुट्टी काढतात, घरी 'सगळे बरोबर आहेत, काळजी करू नका' असं सांगून येतात. बरोबर आहेत म्हणजे बरोबर असायला हवेत. 'आपापल्या वेगाने चला' हे वाक्य कोरड्या दिवशी ठीक आहे. पावसाच्या दिवशी ते म्हणणारा लीडर जबाबदारी झटकतो आहे, मग त्याच्या भिंतीवर कितीही मेडलं लटकू देत.

म्हणून रेनकोटच्या दुकानात जाण्याआधी तुमच्या लीडरकडे जा. पावसाच्या दिवशी शेवटी कोण चालवणार? नाव विचारा, 'कोणीतरी असेल' हे उत्तर घेऊ नका. गाडी पुढे राहणार की मागे? ती मागेच हवी. पुढचे लोक पुढेच असतात, त्यांना गाडी लागते कशाला? जेवण एकाच गाडीत कोंबणार असतील तर प्रत्येकाने खिशात शेंगदाणा चिक्की, खजूर, काहीतरी ठेवा. थांबायचा निर्णय कोण घेणार? माझं म्हणणं, कोणीही. ज्याला वाटलं त्याने थांबायचं, आणि त्याच्याबरोबर एक जण थांबलाच पाहिजे.

सायकलीचं म्हणाल तर निघण्याआधी ब्रेक पॅड नवे टाका आणि जादा जोडी गाडीत नाही, स्वतःच्या पिशवीत ठेवा. डिस्क ब्रेक असतील तर काळजी कमी, पण पॅड तिथेही झिजतात. टायरमधली हवा नेहमीपेक्षा किंचित कमी. पावसात पंक्चर वाढतात, काचा आणि काटे पाण्याबरोबर रस्त्याच्या कडेला येतात, त्यामुळे अगदी कडेने चालवू नका. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, लोखंडी जाळ्या आणि जेटीचा उतार इथे वळायचं नाही, ब्रेक दाबायचा नाही. जेटीवर तर उतरून चालतच जा, भरतीचं पाणी जिथवर येतं तिथवर शेवाळ असतं. मुक्कामाला पोचल्यावर चेन पुसून तेल, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे. मांड्यांना खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन सकाळी निघतानाच लावा, दुपारी उशीर झालेला असतो.

विजांसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे, ते फोनवर घ्या. पहाटे उजाडताच निघालात तर दुपारी एकच्या आत बराचसा रस्ता मागे पडतो, परतीच्या पावसावर यासारखा उपाय नाही. थांबायचं ते पक्क्या घरात किंवा काचा लावलेल्या गाडीत. झाडाखाली नाही, आणि एसटीच्या उघड्या शेडमध्येही शक्यतो नाही.

दोन गोष्टी राहिल्या. एक, रेनकोट नको म्हणाले ते किनाऱ्यापुरतं. ताम्हिणीतून उतरणार असाल आणि घाटात पाऊस लागला, तर लांब उतारावर चांगलीच थंडी भरते, तिथे विंडचीटर घातल्याशिवाय सुटू नका. पुढे कधी हिमाचलात किंवा मनाली–लेहला गेलात तर माझा रेनकोटचा सल्ला विसरा. तिथे चांगला रेनकोट आणि हातमोजे नसतील तर जीवावर बेतेल. कोणी थरथरायला लागलं, बोलताना अडखळायला लागलं, तर त्याला विचारत बसू नका, ओले कपडे काढा आणि गाडीत बसवा.

दुसरं, रोज दुपारी कंटाळा आला म्हणून गाडीत जाऊन झोपणाऱ्यांची बाजू मी घेत नाहीये. त्यांनी मेडल मागू नये.

आणि मेडलचं ठरवायचं असेल तर निघायच्या आधी, ग्रुपवर, सगळ्यांना दिसेल असं विचारा: वीज, वादळ, तब्येत किंवा सायकलची नादुरुस्ती यामुळे गाडीत बसलेल्याची टूर पूर्ण धरणार का? हो किंवा नाही, लेखी उत्तर घ्या. 'तेव्हाचं तेव्हा बघू' असं आलं तर पैसे भरू नका. त्याच रस्त्याने जाणारे दुसरे ग्रुप आहेत.