जुन्या डीव्हीडी रायटरमधला लेझर मंद कसा चालवावा?

प्रश्न : लॅमिंग्टन रोडवरून मी भंगारातले दोन डीव्हीडी रायटर आणले. पहिल्यातला लाल लेझर डायोड दोन पेन्सिल सेलना थेट जोडला असता क्षणभर लखलखला आणि नंतर साध्या एलईडीसारखा मिणमिणू लागला. दुसरा डायोड भाच्याच्या शाळेत अपवर्तनाचा प्रयोग दाखवण्यासाठी अगदी मंद चालवायचा आहे. कमी व्होल्टची बॅटरी लावावी काय?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : बॅटरी बदलून हा प्रश्न सुटणार नाही, कारण लेझर डायोडला दाब नव्हे, धारा बांधून द्यावी लागते. लाल डायोडवर साधारण सव्वादोन व्होल्ट दाब असतो. तो किंचित वाढला तरी धारा उसळते, आणि डायोड तापला की त्याच दाबाला तो आणखी धारा ओढतो. तुमच्या पहिल्या डायोडमधला, प्रकाश परतवणारा सूक्ष्म पृष्ठभाग अशाच उसळीत जळाला असावा. म्हणून तो उजळतो, पण लेझर उरलेला नाही.

यावर एलएम३१७ हा स्वस्त आयसी पुरतो. तो आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट या पायांमध्ये १.२५ व्होल्ट राखतो. त्यांच्यामध्ये रेझिस्टर घालून अ‍ॅडजस्टच्या पायापासून डायोडला वाट दिली, की १.२५ला ओहमने भागून येते तेवढीच धारा वाहते. २२ ओहमचा पक्का रेझिस्टर आणि त्याच्याशी एकसर जोडलेला १०० ओहमचा पोटेन्शिओमीटर (फिरवून कमीजास्त करता येणारा रेझिस्टर) घेतल्यास सुमारे १० ते ५७ मिलिअँपिअर मिळतात. पक्का रेझिस्टर कदापि वगळू नये, कारण कमाल मर्यादा तोच राखतो. मोबाइल चार्जरचे ५ व्होल्ट येथे अपुरे पडतात; ९ व्होल्टची बॅटरी घ्यावी.

आधी धारा तपासण्यासाठी लेझरच्या जागी तीन १एन४००७ हे साधे डायोड आणि १ ओहमचा रेझिस्टर एकसर जोडावा. त्या रेझिस्टरवर मल्टिमीटर जितके मिलिव्होल्ट दाखवील, तितके मिलिअँपिअर समजावेत. पोटेन्शिओमीटर किमान धारेवर आणून बॅटरी काढावी, आउटपुटकडे कपॅसिटर असल्यास तो रिकामा करावा, मगच लेझर सोल्डर करावा आणि शेवटी बॅटरी जोडावी. चालू सर्किटला लेझर लावल्यास भरलेला कपॅसिटर निमिषात त्याचा बळी घेतो. (स्थिर विजेचेही तसेच. मुंबईच्या दमट हवेत ती कमी जाणवते, पण वातानुकूलित खोलीत गाफील राहू नये. सोल्डर होईपर्यंत डायोडचे पाय बारीक तांब्याच्या तारेने एकमेकांना बांधून ठेवावेत.)

‘मंद’ या शब्दाबाबत मात्र सावध राहावे. अशा डायोडचा उंबरठा, म्हणजे खरा लेझर सुरू होण्याची किमान धारा, बहुधा ३० ते ६० मिलिअँपिअरदरम्यान असतो. त्याखाली केवळ तांबूस उजेड दिसतो, आणि तो ओलांडताच दर मिलिअँपिअरमागे प्रकाश जवळपास एक मिलिवॉटने वाढतो. त्यातून थंड डायोडचा उंबरठा खाली सरकतो, म्हणजे दुपारी सौम्य भासलेली जुळणी एसीच्या गारव्यात प्रखर होऊ शकते. धारा मोजल्याने प्रकाश मोजला जात नाही, आणि डोळ्याने अजमावणे तर सर्वथा वर्ज्य आहे. ठिपका पांढऱ्या मॅट कागदावरच पाहावा, ६५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लाल प्रकाशासाठीचा लेझर चष्मा लावावा. उन्हाचा काळा चष्मा कुचकामी आहे. त्याच रायटरमधला सीडीसाठीचा ७८० नॅनोमीटरचा डायोड डोळ्यांना जवळजवळ दिसतच नसल्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

शाळेत मात्र हा डायोड नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे १ मिलिवॉटच्या आतला, वर्ग २चा तयार पॉइंटर न्यावा. काचेच्या ठोकळ्यातून वाकणारा किरण मुलांना तेवढ्यातही नीट दिसतो.