जुन्या वाड्याच्या शहाबादी फरश्या नव्या स्वयंपाकघरात बसवाव्यात का?

बसवा. गवंडी ‘नवीन घ्या, स्वस्त पडेल’ म्हणतोय असं तुम्ही लिहिलंय. तो खोटं बोलत नाहीये. फरशी फुकटची असली तरी मजुरी जास्त लागते. आमचं जुनं माजघर पाडलं तेव्हा निघालेल्या तीसेक फरश्या मी स्वयंपाकघरात घातल्यात, म्हणून सांगतो.

आधी एकेक फरशी उभी करून नाण्याने वाजवून बघा. खणखणीत वाजली तर ठेवा. बद्द वाजली तर आत थर सुटलाय असं समजा. ती अंगणात टाका. शहाबादी हा थराथरांचा चुनखडक, त्यामुळे हे होतंच. पाठीला जुना चुना असेल तर थापीने पापुद्र्यासारखा निघतो. सिमेंट असेल तर छिन्नी हातात घ्यावी लागते, आणि मग दोन-चार फरश्या जाणारच.

खरी मेख जाडीत आहे. एकच ढीग, पण एक फरशी इंचाची तर दुसरी पावणेदोनची. पाठीवर खडूने जाडी लिहा आणि सारख्या जाडीच्या एका ओळीत घ्या. नाहीतर गवंडी प्रत्येक फरशीखाली माल (सिमेंट-वाळूचं मिश्रण) कमी-जास्त करत बसतो आणि सहा महिन्यांनी एखादी पोकळ वाजू लागते. कडा सरळ नसतात, तेव्हा दरजा, म्हणजे दोन फरश्यांमधल्या फटी, तीन-चार मिलिमीटरच्या ठेवा. ढाळ मोरीकडे.

माझी घोडचूक ऐका. दरजा भरल्यावर फरशीवर सिमेंटचा धुरकट थर राहिला होता. मी संडास धुवायचं अ‍ॅसिड ओतलं. फस्सकन फेस आला आणि ओट्यासमोरच्या दोन फरश्यांवर ताटाएवढे पांढुरके डाग पडले, ते आजही आहेत. चिंचेचा कोळ किंवा लिंबू सांडलं तरी लगेच पुसा.

पॉलिशवाल्याला आरशासारखी चमक आणू देऊ नका. तेलकट हातापायांच्या जागी ती घसरगुंडी होते. आमच्या एका फरशीला जात्याजवळ बसून-बसून पडलेला उथळ खळगा आहे. मशीनवाला तो सपाट करायला निघाला होता, आईने हाकललं त्याला. तिथे पाणी साचतं, पुसावं लागतं.

आणि हो, स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर असेल तर आधी इंजिनिअरला विचारा. दोन बाय दोन फुटांची, सव्वा इंच जाडीची एक फरशी ३० किलोच्या आसपास भरते, खालचा माल वेगळा.