वाचकांचे प्रश्न: अंबाबाईच्या हातातील फळ

प्रश्न: लक्ष्मीच्या चित्रांत कमळे आणि हत्ती दिसतात, मग कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीत ते का नाहीत, आणि तिच्या हातातील फळ कोणते?

उत्तर: कमळावर बसलेली, दोन्ही बाजूंनी हत्ती जलाभिषेक करीत असलेली देवी म्हणजे गजलक्ष्मी, तिथे कमळ, पाणी आणि हत्ती पाऊस व समृद्धी सुचवतात. अंबाबाईचे रूप मात्र वेगळे आहे. देवीमाहात्म्याला, म्हणजे दुर्गासप्तशतीला, जोडलेल्या ‘प्राधानिक रहस्य’ या प्रकरणात जगाचे आद्य कारण म्हणून जी महालक्ष्मी वर्णिली आहे, तिच्याशी ही मूर्ती जुळते: चार हातांत मातुलिंग म्हणजे महाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र म्हणजे पेयाचे पात्र, तर मस्तकावर नाग, लिंग आणि योनी.

महाळुंग हे लिंबाच्या कुळातील, जाड सालीचे आणि बियांनी भरलेले फळ असल्याने त्यात सृष्टीचे बीज पाहिले जाते; टीकाकारांच्या परंपरेत ते कर्मफळांची रास, गदा क्रियाशक्ती आणि ढाल ज्ञानशक्ती ठरते. मला मस्तकावरील चिन्हे सर्वांत अर्थपूर्ण वाटतात, कारण लिंग म्हणजे पुरुष (चैतन्यतत्त्व), योनी म्हणजे प्रकृती (सृष्टीचे मूलद्रव्य) आणि नाग म्हणजे काल, या तिघांनाही धारण करणारी ही देवी कोणा देवाची केवळ पत्नी राहत नाही. अलंकारपूजेत, साडी आणि दागिन्यांमुळे, यातील बरेच तपशील झाकले जातात.