वाचकांचे प्रश्न : हाडातले स्क्रू

प्रश्न : घोट्याच्या वर नडगीचे हाड मोडले म्हणून प्लेट आणि आठ स्क्रू बसवले. हाड जुळले, त्रास काही नाही. डॉक्टर म्हणतात राहू द्या. घरचे म्हणतात, अंगात लोखंड नको, गंजेल. काढून घ्यावेत का?

उत्तर : त्रास नसेल तर काढू नका. हे साधे लोखंड नव्हे. बहुतेक स्क्रू 316एल जातीच्या पोलादाचे किंवा टायटॅनियमच्या मिश्रधातूचे असतात. पोलादातल्या क्रोमियममुळे वर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच गंज अडवतो.

काढण्याचा खरा धोका छिद्रांचा आहे. 3.5 मिलिमीटरच्या स्क्रूसाठी हाडात 2.5 मिलिमीटरचे छिद्र पाडतात आणि स्क्रूचे आटे त्याच्या भिंतीत रुततात. स्क्रू काढला की आठ पोकळ जागा उरतात. त्या भरून येईपर्यंत, म्हणजे साधारण तीन-चार महिने, पाय पिळवटला तर तडा नेमका तिथून जातो. या काळात उड्या आणि धक्काबुक्कीचे खेळ वर्ज्य.

स्क्रूचे डोके कातडीखाली टोचत असेल, जंतुसंसर्ग झाला असेल किंवा रुग्ण वाढत्या वयाचे मूल असेल, तर मात्र काढण्याचा विचार होतो. तशी वेळ आली तर जुन्या ऑपरेशनचे कागद नक्की न्या. डोक्यातली खाच षटकोनी आहे की ताऱ्यासारखी, माप काय, हे आधी कळले तर योग्य पाना तयार ठेवता येतो. खाचेत हाड किंवा चिवट ऊती भरलेली असते. ती टोकदार हत्याराने पूर्ण कोरून न काढता पाना लावला, की तो अर्धवट बसतो, खाचेचे कोपरे गोल होतात आणि स्क्रू जागचा हलत नाही. टायटॅनियमचे लॉकिंग स्क्रू (ज्यांचे डोके प्लेटच्या छिद्रातल्या आट्यांत घट्ट बसते) तर प्लेटमध्येच जाम होतात, मग डोके ड्रिलने कापावे लागते. एरवी छोटे असणारे ऑपरेशन अशाने लांबते.

प्रश्न : वडिलांच्या मांडीतला स्क्रू तुटला. बसवताना चूक झाली असेल का?

उत्तर : तशी शक्यता असते. ड्रिल करताना हाड 47 अंशांवर मिनिटभर तापले तरी तिथल्या पेशी मरू लागतात आणि पकड सुटते. म्हणून सलाईनची धार सोडतात. पण ढिला होणे वेगळे, तुटणे वेगळे. तुटण्यामागे बहुधा हाड न जुळणे असते. हाड जुळेपर्यंतच भार पेलावा, एवढेच स्क्रूचे काम. जुळणी रखडली की प्रत्येक पावलागणिक धातू किंचित वाकतो आणि शेवटी थकून तुटतो. तेव्हा स्क्रूआधी हाड का जुळले नाही ते विचारा : तंबाखू, मधुमेह, संसर्ग की ठरल्याआधी टेकलेला पाय? एक्स-रेत स्क्रूभोवती काळी कड दिसत असेल तर तो ढिलाही झाला आहे.

प्रश्न : स्क्रू असताना एमआरआय चालतो का?

उत्तर : 316एल पोलाद किंवा टायटॅनियमच्या स्क्रूंसह बहुधा चालतो. धातूजवळचे चित्र मात्र बिघडते, टायटॅनियममुळे कमी. तंत्रज्ञाला आधी सांगा, कागद दाखवा.