एक नोव्हेंबरची गाणी, एक मेची गाणी

तुम्ही लिहिलंय की १ मेच्या कार्यक्रमात कोणती गाणी लावायची यावरून तुमच्या सोसायटीत जुंपली. काहींना फक्त मराठी गाणी हवी होती, काहींना हिंदी चित्रपटांतली देशभक्तीची, आणि शेवटी निम्मे लोक खाली उतरलेच नाहीत. म्हणून तुम्ही विचारताय की असे दिवस आणि त्या दिवशी वाजणारी लोकप्रिय गाणी माणसांना जोडतात की त्यांच्यात फूट पाडतात?

मी बेळगावची, तिथल्याच शहापूर भागात वाढलेली. आमच्याकडे हा प्रश्न दर वर्षी १ नोव्हेंबरला रस्त्यावर येतो, म्हणून उत्तर तिथूनच देते. माझं मत आधी सांगून टाकते. गाणं कोणत्या भाषेतलं आहे यावरून भांडण होत नाही. ते कोणाच्या दारासमोर, कोणाला ऐकवायला लावलंय, यावरून होतं. आणि एखादा दिवस माणसाकडे निष्ठेचा पुरावा मागायला लागला, की सुंदर गाणंसुद्धा त्या मागणीच्या कामाला जुंपलं जातं.

भाषावार प्रांतरचना झाली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्याच राज्याचं नाव १९७३ साली, त्याच तारखेला, कर्नाटक झालं. त्यामुळे तो दिवस कन्नड माणसासाठी राज्योत्सव. विखुरलेला कन्नड मुलूख एक झाला याचा आनंद त्यात आहे, आणि तो आनंद खरा आहे, हे मराठी माणसानं मोकळेपणानं मान्य केलं पाहिजे. त्याच दिवशी बेळगावातले मराठी लोक काळे कपडे घालून निषेधाच्या फेरीला निघतात, तो काळा दिन. एका गल्लीत लाल-पिवळे झेंडे, पलीकडच्या गल्लीत दंडाला काळ्या फिती. २०१४ साली शहराचं नाव अधिकृतपणे 'बेळगावी' झालं, तेही १ नोव्हेंबरलाच. एकाच तारखेवर किती ओझं टाकावं याला काही मर्यादा राहिलेली नाही.

राज्योत्सवाच्या मिरवणुकीत हमखास वाजणारं गाणं म्हणजे कन्नड चित्रपटांचे लाडके नायक डॉ. राजकुमार यांच्या आवाजातलं 'हुट्टिदरे कन्नड नाडल्लि हुट्टबेकु'. १९९३ च्या 'आकस्मिक' चित्रपटातलं, संगीत हंसलेखा यांचं. जन्मायचं तर कन्नड भूमीतच जन्मावं, असा त्याचा भाव. ठेका असा की पाय आपोआप हलतात. बेळगावच्या कितीतरी मराठी पोरांना ते तोंडपाठ आहे. कन्नड मित्राच्या लग्नात लागलं तर तीही नाचतात. एरवी आमच्या घरात त्या गाण्याचा कधी कुणाला राग आला नाही. पण १ नोव्हेंबरच्या रात्री डॉल्बीची गाडी मुद्दाम मराठी वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबते आणि तेच गाणं तिसऱ्यांदा, चौथ्यांदा लागतं, तेव्हा आत बसलेल्या माणसाला त्यात आनंद ऐकू येत नाही. 'तुम्ही इथले नाही' एवढंच ऐकू येतं. शिवजयंतीला आमच्या बाजूनंही हे होतं. बेळगावात शिवजयंतीची मोठी मिरवणूक वैशाखात निघते, चित्ररथ असतात, पोवाडे असतात, आणि काही मंडळांचे कर्णे नेमके कुठे आणि कुणाकडे तोंड करून लागतात हे आम्हाला सगळ्यांना माहीत असतं.

राजकुमारांच्या आवाजाला एवढं वजन का, तेही सांगायला हवं. १९८२ च्या गोकाक चळवळीत, शाळेत कन्नडला पहिलं स्थान मिळावं म्हणून, ते स्वतः पुढे आले. तेव्हापासून तो आवाज नुसत्या नटाचा राहिला नाही, भाषेचा झाला. पुढे कन्नडसक्तीचा प्रश्न चिघळला, जून १९८६ मध्ये सीमाभागात आंदोलन झालं, गोळीबार झाला, माणसं गेली. बेळगावजवळच्या हिंडलग्याचं हुतात्मा स्मारक त्यांचं आहे. ज्या घरातला माणूस त्यात गेला त्या घराला राजकुमारांचं गाणं कसं ऐकू येत असेल, ते बाहेरच्यानं सांगू नये.

आणि तरी याच राजकुमारांनी १९७४ साली 'भक्त कुंबार' नावाच्या चित्रपटात आपला गोरा कुंभार उभा केला. आमच्या शेजारच्या कन्नड अक्का त्यातली गाणी चूल सारवताना म्हणायच्या. पंढरपूरला कार्तिकीला जाणाऱ्या त्या. माझी आई 'इंद्रायणी काठी' म्हणायची, त्या कन्नड संतकवी पुरंदरदासांची पदं म्हणायच्या, आणि दोघींचा विठ्ठल एकच. उत्तर कर्नाटकातून पंढरीला जाणाऱ्या दिंड्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको. ज्ञानेश्वरांनी विठ्ठलाला कानडा म्हटलं ते सातशे वर्षांपूर्वी, आणि आजवर कुठल्याही मराठी माणसाला ते खटकलेलं नाही. भीमसेन जोशी गदगकडचे. कुमार गंधर्वांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा. भीमसेनांचं 'भाग्यदा लक्ष्मी बारम्मा' पुण्यातल्या घरांत शब्द न कळताही भक्तीनं ऐकलं जातं. इथे कुणी कुणाला काही सिद्ध करून दाखवत नाही. देव मध्ये आहे म्हणून असेल, किंवा या गाण्यांना कॅलेंडरवर ठरवलेली तारीख नाही म्हणून असेल. मला दुसरं कारण जास्त पटतं.

बेळगावच्याच इतिहासातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन आमच्या गावात भरलं. त्या राष्ट्रीय अधिवेशनात हुइलगोळ नारायणराव यांचं 'उदयवागलि नम्म चेलुव कन्नड नाडु' हे गीत गायलं गेलं. आमचा सुंदर कन्नड मुलूख उदयाला येवो, असं ते गीत. लहानग्या गंगूबाई हनगलही त्या अधिवेशनात गायल्या होत्या. देशाच्या स्वातंत्र्याचं व्यासपीठ, त्यावर कन्नड एकीकरणाचं गाणं, आणि मराठी-कन्नड मिसळलेलं गाव. त्या वेळी कन्नड मुलूख एक व्हावा असं म्हणणं म्हणजे शेजाऱ्याच्या विरोधात काही म्हणणं नव्हतं. समोर इंग्रज होता. बत्तीस वर्षांनी इंग्रज गेलेला होता, आणि नकाशाची रेघ आमच्या अंगणातून गेली.

आता आपल्या गाण्यांबद्दल. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकानं जे केलं ते भाषणांनी झालं नसतं असं मला वाटतं. अण्णाभाऊ वाटेगावचे, मातंग समाजातले. अमर शेख बार्शीचे मुसलमान. हे गिरण्यांच्या चाळींत, मैदानांत उभे राहून गायचे आणि मुंबईतला कोकणी, घाटी, सगळा कामगार एका आवाजात साथ द्यायचा. अण्णाभाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड ऐका. मुंबईत पोट भरायला आलेला माणूस गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीनं व्याकुळ झालाय. गिरणगावातल्या प्रत्येकाची हीच कथा होती, म्हणून ते गाणं त्याला आपलं वाटलं. मग शेवटाकडे ती विरहाची तार अण्णाभाऊ खंडित महाराष्ट्राला जोडतात. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावं येतात. मैना गावावर राहिली तसा हा मुलूख बाहेर राहिला.

मी बेळगावची असल्यामुळे ते कडवं ऐकताना माझ्या घशात आवंढा येतो, आजही. हे गाणं माझ्या बाजूनं रडतं. पण कारवारच्या कन्नड किंवा कोकणी माणसाला त्यात स्वतःचं गाव दुसऱ्याच्या मागणीच्या यादीत दिसत असणार, हेही मला कळतं. एकच गाणं, पहिल्या भागात सगळ्या परगावच्या कष्टकऱ्यांना कवेत घेणारं आणि शेवटाला सीमा आखणारं. मला त्यात दोष दिसत नाही. ज्या लढ्यात १०६ माणसांनी जीव दिला त्या लढ्याचं ते गाणं आहे, त्यानं बाजू घ्यायलाच हवी होती. फक्त ते बाजूचं गाणं आहे, हे लावणाऱ्यानं ओळखून लावावं.

तुमच्या १ मेकडे येते. 'जय जय महाराष्ट्र माझा' लिहिलं राजा बढे यांनी, चाल श्रीनिवास खळे यांची, आवाज शाहीर साबळे यांचा. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ते अधिकृत राज्यगीत आहे. नर्मदा, कृष्णा, कोयना, गोदावरी अशा नद्यांचं पाणी त्यात एकत्र येतं. राजा बढे नागपूरचे. आणि त्याच नागपुरात वेगळ्या विदर्भाची मागणी करणारे लोक १ मेला काळे झेंडे लावतात. १९५५ साली राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगानं वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, नागपूर तोवर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, ती प्रतिष्ठा गेली. ही त्यांची जखम आहे. आम्हाला आत घेतलं नाही म्हणून आम्ही काळे कपडे घालतो, ते आत घेतलं म्हणून काळे झेंडे लावतात. पुण्या-मुंबईच्या माणसानं या दोन्ही गोष्टी एकदम डोक्यात ठेवल्या तर १ मेचा कार्यक्रम आखताना त्याचा सूर आपोआप थोडा खाली येईल.

गोव्याचंही असंच. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात १,७२,१९१ मतं महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाच्या विरोधात पडली, १,३८,१७० बाजूनं. त्या प्रचारात उल्हास बुयांव यांच्या कोंकणी गाण्यांनी गावंच्या गावं हलवली. आणि हे त्या भूमीत, जिथून दीनानाथ मंगेशकर, केसरबाई, मोगूबाई, अभिषेकीबुवा आले. देवळात मराठी भजन म्हणायचं आणि मत मात्र महाराष्ट्रात जायच्या विरोधात द्यायचं, यात गोंयकारांना काही विसंगत वाटलं नाही, आणि वाटायचं कारणही नव्हतं.

राष्ट्रगीताबद्दल तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण पुरावा मागण्याचा मुद्दा तिथेच सगळ्यात उघडा दिसतो. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयानं केरळातल्या तीन शाळकरी मुलांच्या बाजूनं निकाल दिला. धर्मश्रद्धेमुळे ती राष्ट्रगीत गात नव्हती, पण आदरानं उभी राहायची. न गाणं म्हणजे अपमान नव्हे, असं न्यायालय म्हणालं. तरी २०१६ मध्ये पणजीच्या एका चित्रपटगृहात व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला तो उभा राहिला नाही म्हणून मार बसला. त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यायालयानं देशभर चित्रपटगृहांत राष्ट्रगीत सक्तीचं केलं आणि जानेवारी २०१८ मध्ये ती सक्ती काढली. रवींद्रनाथांच्या त्या कडव्यात 'मराठा' आणि 'द्राविड' शेजारी शेजारी आहेत. आमच्या शाळेत मराठी आणि कन्नड माध्यमाची मुलं २६ जानेवारीला एकाच मैदानावर ते म्हणायची, आणि म्हणताना खरोखर कुणाच्या मनात काही नसायचं. कारण कुणी गातंय की नाही हे तपासत आमच्या रांगेतून कुणी फिरत नव्हतं.

तुमच्या सोसायटीसाठी मी काय सुचवेन? राज्यगीत सुरुवातीला लावा, ते त्या दिवसाचं आहे आणि त्यावर कुणाचा आक्षेप नसावा. त्यानंतर यादी समितीनं ठरवू नये. ज्यांना वाटेल त्यांनी आपल्या घरात गायलं जाणारं एक गाणं आणावं आणि स्वतः म्हणावं किंवा लावावं, कोणत्याही भाषेतलं. तुमच्याकडे कानडी कुटुंब असेल तर त्यांना पुरंदरदास म्हणायला सांगा, गुजराती असेल तर गरबा होऊ दे. १ मे हा गुजरातचाही स्थापना दिवस आहे आणि त्याच मध्यरात्री दोन्ही राज्यं जन्मली. हिंदी हवं असणाऱ्यांना 'ऐ मेरे वतन के लोगो' लावू द्या. १९६३ च्या जानेवारीत दिल्लीत लताबाईंनी ते पहिल्यांदा जाहीरपणे गायलं, आणि त्याची चाल पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची आहे, तेव्हा मराठी बाजूनं त्याला परकं म्हणायचं काही कारण नाही. कर्णे सोसायटीच्या आतल्या बाजूला तोंड करून ठेवा आणि आवाज इतकाच ठेवा की वर बसलेल्याला खाली यावंसं वाटेल.

आणि 'माझी मैना' लावणार असाल तर पूर्ण लावा. मुलांना नकाशावर डांग, उंबरगाव, कारवार आणि बेळगाव दाखवा. तिथे आज कोण राहतं, कोणत्या भाषा बोलतात, हेही सांगा. त्यांतल्या एखाद्या गावचं कुणी तुमच्याच सोसायटीत राहत असेल, तर ते सांगण्याचं काम त्यांच्याकडे द्या.